छोट्या शहराच्या संघाला नऊ वर्षं मिळतात: एनबीएमधल्या समतोलाचा हिशेब

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा पाहणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. एक, पगारावर मर्यादा आहे, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड) आहे, महसुलाची वाटणी आहे, तरी लेब्रॉन, शकिल, अँथनी डेव्हिस हे तारे शेवटी लॉस एंजेलिसलाच का पोचतात? दुसरा अगदी उलटा: सगळं मोठ्या शहरांच्याच बाजूने असेल, तर २०२५ चं विजेतेपद ओक्लाहोमा सिटीने, तेही इंडियानाला सात सामन्यांत हरवून, मिळवलं कसं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. संघांच्या खिशातला पैसा नियमांनी बऱ्यापैकी सारखा केला आहे, पण शहरं सारखी करता येत नाहीत. म्हणून नियमांनी छोट्या शहरांना बदल्यात वेळ दिली आहे. चांगला खेळाडू ड्राफ्टमधून हाती लागला की साधारण नऊ वर्षं तो आपल्याकडे ठेवता येतो. त्या नऊ वर्षांत जमलं तर जमलं.

आधी पैसा. २०२५-२६ पासून डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी झालेला प्रक्षेपणाचा करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा आहे. तो ३० संघांत समान वाटला जातो. लॉस एंजेलिसच्या लेकर्सला जेवढा वाटा, तेवढाच मेम्फिसला. तफावत उरते ती स्थानिक उत्पन्नात: तिकिटं, कोर्टालगतच्या खुर्च्या, स्थानिक टीव्ही. लेकर्सचा स्थानिक टीव्ही करार २० वर्षांचा आणि अब्जावधी डॉलरचा आहे. छोट्या शहरांतल्या अनेक संघांचे सामने दाखवणारी कंपनी मात्र मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०११ च्या टाळेबंदीनंतर (खेळाडूंशी कराराच्या वादात मालकांनी खेळ बंद ठेवला होता) महसूल वाटणी वाढवली गेली, त्यामुळे श्रीमंत संघांच्या कमाईतला काही भाग गरीब संघांकडे वळतो. म्हणजे छोट्या संघाकडे खेळाडूंचे पगार द्यायला पैसा नसतो, ही समजूत आता जुनी झाली. पैसा असतो. चूक झाली तर ती पैसा ओतून निस्तरण्याची ऐपत तेवढी नसते.

आयपीएलची सवय असलेल्याला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक आयपीएल संघाकडे १२० कोटी रुपये होते आणि त्यापलीकडे एक रुपयाही नाही. एनबीएची सॅलरी कॅप तशी नाही. १९८४-८५ मध्ये ती ३६ लाख डॉलरवर सुरू झाली, तेव्हापासूनच तिला पळवाट आहे: स्वतःच्या खेळाडूशी पुन्हा करार करताना संघ कॅपच्या वर जाऊ शकतो. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हाच तो अपवाद. कॅप अडवते ती बाहेरून खेळाडू आणताना. म्हणून २०२५-२६ ची कॅप १५.४६ कोटी डॉलर असली, तरी बहुतेक संघ तिच्या वरच असतात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. १९९७ मध्ये मिनेसोटाने केव्हिन गार्नेटला सहा वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलर दिले. छोट्या बाजारपेठेतल्या संघाने आपला खेळाडू टिकवायला मोजलेली ही किंमत पाहून मालक हबकले. १९९८-९९ ची टाळेबंदी झाली, मोसम ५० सामन्यांवर आला आणि त्यातून एकेका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली. आज सहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्याला कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षं झालेल्याला ३० टक्के, दहा वर्षांनंतर ३५ टक्के. २०२५-२६ च्या आकड्यांत अनुक्रमे ३.८७, ४.६४ आणि ५.४१ कोटी डॉलर.

ही मर्यादा मालकांना वाचवायला आली. समतोलाचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र तिनेच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण. अव्वल खेळाडू ४८ पैकी ३५-३६ मिनिटं खेळतो, चढाईलाही आणि बचावालाही. सातपैकी चार सामने जिंकायचे असल्याने नशिबाचा वाटाही घटतो. अशा खेळात जगातल्या पहिल्या पाचांतल्या खेळाडूची खरी किंमत कॅपच्या ३५ टक्क्यांहून कितीतरी जास्त आहे. पण ती कुणालाच देता येत नाही. ओक्लाहोमा, सॅन अँटोनियो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या चौघांनी त्याच्यासमोर जवळजवळ एकच आकडा ठेवला, की तो दुसऱ्या गोष्टी बघणारच: हवामान, जाहिरातींचं उत्पन्न, मित्र कुठे खेळतात, मोसम संपल्यावर राहायला कुठे आवडेल. छोट्या शहराला जास्त पैसे देऊन ही तफावत भरून काढायची मुभाच नाही.

करांचा मुद्दा मात्र थोडा उलट दिशेने जातो. कॅलिफोर्नियात राज्याचा प्राप्तिकर वरच्या टप्प्यात १३.३ टक्के आहे. टेक्सास, फ्लोरिडा आणि टेनेसीत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. बाहेरगावचा सामना ज्या राज्यात, तिथला कर भरावा लागत असल्याने सगळा फायदा पदरात पडत नाही, पण सॅन अँटोनियो, ओरलँडो आणि मेम्फिसला करार करताना थोडा हात मिळतो. ओक्लाहोमा आणि मिलवॉकीच्या विस्कॉन्सिनला तोही नाही.

म्हणून नऊ वर्षं. पहिल्या फेरीतल्या नवोदिताचा पगार १९९५ पासून ठरावीक तक्त्याने मिळतो: चार वर्षांचा करार, त्यातली शेवटची दोन संघाच्या मर्जीवर. २०२५ चा पहिला खेळाडू कूपर फ्लॅग याला पहिल्या मोसमात सुमारे १.३८ कोटी डॉलर मिळतात, म्हणजे कॅपच्या नऊ टक्क्यांच्या आत. चौथ्या वर्षाआधी संघ पाच वर्षांची मुदतवाढ देऊ शकतो. खेळाडूने ती नाकारली, तरी दुसऱ्या संघाचा देकार जसाच्या तसा स्वीकारून त्याला ठेवून घेण्याचा हक्क मूळ संघाला असतो. चार आणि पाच, नऊ. शेवटची दोन वर्षं नाजूक, कारण मुदत संपत आली की खेळाडू फुकट जाण्याआधी त्याची अदलाबदल करणं भाग पडतं. लेब्रॉन क्लीव्हलँडहून सात वर्षांनी गेला. डेव्हिसने न्यू ऑर्लिन्सकडे ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) मागितला तो सातव्या मोसमात. केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमाच्या संघातून नऊ वर्षांनी गेला (त्यातलं पहिलं वर्ष संघ सिॲटलला होता).

ड्युरंटचं जाणं हा निव्वळ नियमांचा अपघात होता. नव्या टीव्ही कराराचा पैसा एकदम आला आणि २०१६ मध्ये कॅप एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली. आदल्या मोसमात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटकडे त्यामुळे अचानक जागा झाली. त्यातून धडा घेऊन आता कॅप एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढू देत नाहीत. समतोलासाठी केलेल्या सगळ्या बदलांत हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात परिणामकारक आहे, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

खेळाडू मिळतो कसा, ते पाहू. ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे सोडतीने ठरतं. या लॉटरीत १ ते १४ आकड्यांचे चेंडू एका यंत्रात घोळवतात. वीस सेकंदांनी पहिला चेंडू काढतात, मग दर दहा सेकंदांनी एक, असे चार. क्रम धरत नाहीत. चौदातून चार निवडण्याच्या १,००१ जुळण्या होतात. एक बाद ठरवून उरलेल्या १,००० संघांना वाटून दिलेल्या असतात. २०१९ च्या आधी तळाच्या संघाला २५० जुळण्या मिळत. आता तळाच्या तिघांना प्रत्येकी १४०. सोडतीने पहिले चार क्रमांक ठरतात, बाकीचे गुणतक्त्याच्या तळापासून. त्यामुळे शेवटून पहिला आलेला संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो आणि तसं होण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास आहे.

हा बदल मुद्दाम हरण्याला आळा घालण्यासाठी होता. प्रत्यक्षात काय झालं? डेट्रॉईट २०२३ मध्ये १७-६५ (१७ विजय, ६५ पराभव) आणि २०२४ मध्ये १४-६८ अशी तळाला राहिली, दोन्ही वेळा पाचवा क्रमांक. २०२५ मध्ये युटा १७-६५, पुन्हा पाचवा. त्याच वर्षी पहिला क्रमांक गेला डॅलसकडे, १.८ टक्के शक्यतेवर. डॅलस ही देशातल्या सगळ्यात मोठ्या बाजारपेठांपैकी एक, आणि आपला तारा लुका डॉन्चिच याला लेकर्सकडे धाडून तिला तीन-चारच महिने झाले होते. लॉटरी सपाट केल्याने मुद्दाम हरणं थोडं कमी झालं असेल, पण ज्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही अशा शहरांचा हुकमी मार्ग अर्ध्यावर आला. मोठ्या शहराला खेळाडू विकत घेता येतो, बोलावता येतो आणि ड्राफ्टही करता येतो. छोट्याला शेवटचाच पर्याय भरवशाचा.

ओक्लाहोमाने ही अडचण सोडवली ती संख्येने. २०१२ मध्ये ते अंतिम फेरीत होते. त्या ऑक्टोबरात जेम्स हार्डनच्या करारात चार वर्षांत मिळून पन्नासेक लाख डॉलरच्या फरकावर बोलणी फिसकटली आणि तो ह्यूस्टनला गेला. लक्झरी टॅक्सची (ठरावीक रेषेवरच्या पगारावर संघाने भरायच्या दंडाची) धास्ती किती महाग पडते याचं याहून मोठं उदाहरण नाही. दुसऱ्या खेपेला २०१९ मध्ये पॉल जॉर्जने लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाकडे, क्लिपर्सकडे, जायचं ठरवलं, तेव्हा ओक्लाहोमाने त्याच्या बदल्यात शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड करण्याचे पाच हक्क आणि क्रमांक बदलून घेण्याचे दोन हक्क घेतले. क्लिपर्सना जॉर्ज हवाच होता, कारण तो आला तरच दुसरा तारा कवाय लेनर्ड येणार होता. मोठ्या शहराची घाई हाच छोट्या शहराचा माल असतो. त्यातल्याच एका हक्कातून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला. चेट होमग्रेन त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा. लू डॉर्ट तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. २२-५० आणि २४-५८ असे दोन मोसम सोसले, मग ४०, ५७ आणि ६८ विजय. २०२५ च्या अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांपैकी एकानेही त्या मोसमात लक्झरी टॅक्स भरला नव्हता.

आता याच यशाचं बिल येतं. २०२३ च्या करारनाम्याने पगाराच्या वर दोन रेषा आखल्या, पहिला आणि दुसरा एप्रन. २०२५-२६ मध्ये टॅक्स लागतो १८.७९ कोटी डॉलरला, पहिला एप्रन १९.५९ कोटींवर, दुसरा २०.७८ कोटींवर. टॅक्स टप्प्याटप्प्याने चढतो. एक टप्पा ५६.८५ लाखांचा. पहिल्या टप्प्यात दर डॉलरला १ डॉलर, दुसऱ्यात १.२५, तिसऱ्यात ३.५०, चौथ्यात ४.७५. समजा संघ टॅक्सच्या २ कोटी वर आहे, म्हणजे दुसऱ्या एप्रनच्या अगदी उंबऱ्यावर. चार टप्प्यांचे मिळून ०.५७, ०.७१, १.९९ आणि १.४० असे एकूण ४.६७ कोटी भरावे लागतात. आधीच्या चारपैकी तीन मोसम टॅक्स भरला असेल तर प्रत्येक दरात २ डॉलर वाढतात आणि तेच बिल ८.६७ कोटी होतं. लेकर्स हे एखाद्या वर्षी पचवतील. मिलवॉकी किंवा ओक्लाहोमाला सलग तीन-चार वर्षं ते अवघड आहे.

दुसऱ्या एप्रनची खरी शिक्षा पैशाची नाहीच. रेषा ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, दिलेल्यापेक्षा एक डॉलरही जास्त पगार परत घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. बाहेरून खेळाडू आणायचा टॅक्स भरणाऱ्यांचा ५६.८५ लाखांचा अपवादही जातो. उरतो फक्त किमान पगार. शिवाय सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा हक्क गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही: २०२४-२५ संपताना जे वर होते त्यांचा २०३२ चा. पुढच्या चारपैकी दोन मोसम पुन्हा वर राहिलात तर तो हक्क फेरीच्या शेवटी ढकलला जातो. इथे श्रीमंतीचा उपयोग नाही. २०२४ चा विजेता बॉस्टन वर्षभरातच ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिस यांना सोडून रेषेखाली आला.

मग हा नियम छोट्यांच्या फायद्याचा का? विकत घेऊन जुळवलेल्या संघांविरुद्ध, हो. घरच्या ड्राफ्टमधून वाढवलेल्या संघांविरुद्धही तो तेवढाच कडक आहे, आणि हा त्यातला खरा अन्याय. २०२५ च्या जुलैत ओक्लाहोमाने गिलजस-अलेक्झांडर, विल्यम्स आणि होमग्रेन तिघांनाही कमाल मुदतवाढ दिली. २०२७-२८ मध्ये तिघांचे मिळून कॅपच्या किमान ८५ टक्क्यांच्या आसपास जातील. दुसरा एप्रन कॅपच्या सुमारे १३४ टक्क्यांवर आहे. उरले ४९ टक्के, आजच्या हिशेबाने ७.६ कोटी, आणि त्यात बारा जण. म्हणजे सरासरी ६३ लाख. त्या पैशात अनुभवी, मधल्या फळीतला बचावपटू मिळत नाही. मिळतो तो नवोदित. म्हणूनच ओक्लाहोमा अजूनही हक्क साठवून ठेवतं. दरवर्षी एक-दोन स्वस्त नवोदित आत आले आणि तितकेच महागलेले बाहेर गेले, तर संघ रेषेखाली टिकतो. घरच्याच ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पगार एप्रनच्या हिशेबात अंशतः सोडून द्यावा, एवढी एक दुरुस्ती केली तर हा नियम जिथे लागायला हवा तिथेच लागेल.

नाहीतर होतं काय, ते मिनेसोटात दिसलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी कार्ल-अँथनी टाउन्स न्यूयॉर्कला दिला. त्यामागे पुढच्या वर्षांच्या पगाराचा बोजा हे मोठं कारण होतं. छोट्या शहराचा दुसऱ्या क्रमांकाचा तारा मोठ्या शहरात, नियमाच्याच रेट्याने.

छोट्या संघांच्या ठरलेल्या चुका दोन. पहिली, भीतीने दिलेला करार. २०१७ पासून ठरावीक पुरस्कार मिळवलेल्या स्वतःच्या खेळाडूला ३५ टक्के आधीच देता येतात. मिलवॉकीच्या यानिस आंतेतोकूंपोसारखा असेल तर डोळे झाकून द्यावेत. २०२० च्या डिसेंबरात त्याने २२.८ कोटींचा करार केला आणि पुढच्याच जुलैत मिलवॉकी जिंकली. पण एका पायरीने कमी असलेल्याला तेच दिलं की ते गळ्यातलं लोढणं होतं. दुसरी चूक, तारा नाराज होईल या धाकाने भविष्य विकून टाकणं. मिलवॉकीनेच पुढे डेमियन लिलार्ड आणला, त्याचा घोटा-टाचेचा स्नायुबंध तुटला आणि २०२५ मध्ये त्याला मोकळं करून उरलेले ११.२६ कोटी पाच वर्षांत पसरवले. उरलेली वर्षं दोन, त्याची दुप्पट अधिक एक, म्हणून पाच. दरवर्षी २.२५ कोटी, संघात नसलेल्या माणसाच्या नावावर. असा मृत पगार कॅपच्या १५ टक्क्यांपलीकडे पसरवता येत नाही. मिलवॉकी त्या टोकाला टेकली आहे. त्या जागेत आला माइल्स टर्नर, इंडियानाचा. एका छोट्या शहराने दुसऱ्या छोट्या शहराचा अंतिम फेरीतला सेंटर नेला. मोठ्या विरुद्ध छोट्या असं सरळ भांडण प्रत्येक वेळी नसतंच.

सॅक्रामेंटोचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचा संघ किंग्ज विकत घेतला, तो संघ सिॲटलला हलवण्याचा प्रस्ताव मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळल्यानंतर. २०१६ मध्ये नवं क्रीडागृह उभं राहिलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियानाचे पेसर्स खेळले. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा घेतला. संघ शहरात टिकला, पैसा आला, प्रेक्षक तर होतेच. तरी सलग १६ मोसम प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) नाही. कॅपचा, एप्रनचा त्यात काही दोष नव्हता. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅग्ली घेतला आणि डॉन्चिच पुढच्यांसाठी राहिला. २०२२ मध्ये तरुण खेळाडू टायरीज हॅलिबर्टन इंडियानाला देऊन, वरळीत पेसर्सकडे असलेला सबोनिस आणला. किंग्ज २०२३ मध्ये ४८ सामने जिंकून प्लेऑफला पोचले आणि पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात हरले. हॅलिबर्टनने इंडियानाला २०२५ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं.

एखादा छोटा संघ कुठे उभा आहे हे पाहायचं असेल तर गुणतक्ता शेवटी बघा. आधी बघा, त्याचा सर्वोत्तम खेळाडू नऊपैकी कितव्या वर्षात आहे. मग पुढच्या सात ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे किती हक्क त्याच्या हातात आहेत. मग दुसऱ्या नि तिसऱ्या खेळाडूचे पगार कोणत्या उन्हाळ्यात उडी घेणार. २०२५-२६ मध्ये सॅन अँटोनियोचा तारा वेम्बन्यामा तिसऱ्या मोसमात होता, पगार १.३४ कोटी, आणि त्याच्या भोवती अजून जागा होती. ओक्लाहोमाची जागा २०२६ च्या उन्हाळ्यापासून आवळायला लागते.